इंदूरमधील सनदी लेखापालांबद्दलचे ऑनलाइन अभिप्राय: कितपत भरवशाचे?

वडिलांचे निवृत्तिवेतन आणि घराच्या विक्रीतून झालेला भांडवली नफा असे दुहेरी उत्पन्न असलेले विवरणपत्र भरायचे होते, म्हणून इंदूरमधील सनदी लेखापालांबद्दल गूगल मॅप्स व जस्टडायल यांवर लोकांनी काय लिहिले आहे, ते मी बारकाईने वाचले. येथे परीक्षण आहे ते त्या अभिप्रायांचे, कोणा एका कार्यालयाचे नव्हे.

कार्यालय शनिवारी उघडे असते का, फोन उचलतात का, ठरलेल्या शुल्कावर नंतर काही वाढवतात का, एवढ्यापुरते मी त्यांना पाचपैकी चार तारे देईन. राजवाड्याजवळच्या एका कार्यालयासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही, ही माहिती तर तंतोतंत खरी निघाली. कामाच्या दर्जाविषयी मात्र हाती फारसे काही लागत नाही. ‘सर बहुत अच्छे हैं’ यावरून सर चहा विचारतात, इतकेच समजते.

पोह्यांची चव पहिल्या घासाला कळते. विवरणपत्रातली चूक कळायला वर्ष उलटू शकते. जुलै २०२४ मध्ये भरलेल्या विवरणपत्रावर प्राप्तिकर खात्याची प्राथमिक छाननीची सूचना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत येऊ शकत होती, आणि पाच तारे बहुधा परतावा जमा झाल्याच्या आनंदात दिलेले असतात. ‘जास्त परतावा मिळवून दिला’ ही स्तुती मला विशेष खटकते, कारण नसलेल्या वजावटी दाखवूनही परतावा फुगवता येतो आणि पुढे व्याज व दंड भरावा लागतो तो करदात्यालाच.

एक तारा देणाऱ्यांचे म्हणणेही जपूनच वाचावे. अशिलाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन लेखापालावर असते. त्यामुळे ‘माझे काम अडकवून ठेवले’ या जाहीर तक्रारीला ‘आपण बँकेचे उतारेच दिले नाहीत’ असे उत्तर त्याला चारचौघांत देता येत नाही. ‘कृपया कार्यालयात भेटा’ एवढ्या मोघम उत्तरावरून त्याला दोषी ठरवणे योग्य नाही.

विकत घेतलेल्या अभिप्रायांचा प्रश्न आहेच. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १९०००:२०२२ या मानकानुसार असे अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, परंतु ते मानक ऐच्छिक म्हणून आणले गेले. त्यापेक्षा सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर सदस्याची नोंद पाहणे आणि त्याने दिलेल्या प्रमाणपत्रावरील यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा अंक व अक्षरे मिळून अठरा चिन्हांचा ओळख क्रमांक, पडताळणे अधिक खात्रीचे आहे. अर्थात त्यावरून माणूस खरा सनदी लेखापाल आहे आणि प्रमाणपत्र त्याचेच आहे, हे कळते. तो भांडवली नफ्याच्या कामात किती मुरलेला आहे, हे कळत नाही.

आम्ही अखेर निवडलेल्या लेखापालांना मोजकेच तारे होते. सुदामानगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या घरविक्रीचे विवरणपत्र त्यांनी भरले होते आणि पुढे त्यावर नोटीस आली, तेव्हा तिचे उत्तरही त्यांनीच दिले होते.