दहा लिटरची ड्राय बॅग: एका मोसमाच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुमारास ही रोल-टॉप ड्राय बॅग घेतली, हजाराच्या आतली. आम्ही वास्कोला राहतो. मुंबईहून क्रूझने आलेले नातेवाईक मुरगावच्या धक्क्यावर उतरले की त्यांना दिवसभर फिरवायचं काम आमच्याकडेच. जहाजांचा मोसम आता संपत आला, आणि बॅग त्यात भरपूर रगडली गेलीय.

पाणी आत जात नाही हे खरं, पण तोंड नीट मिटलं तरच. हवा दाबून काढायची, काठ तीन-चार वेळा घट्ट गुंडाळायचा, मग बकल लावायचं. गच्च भरली की जेमतेम एक गुंडाळी बसते, आणि मग ती नुसती पिशवी. ग्रँड आयलंडच्या होडीत सगळे भिजून चिंब झाले, मावशीचा फोन, बीपीच्या गोळ्या आणि जहाजाचं कार्ड मात्र कोरडं राहिलं. पैसे तिथेच वसूल झाले.

उन्हात हीच बॅग त्रास देते. जाड पीव्हीसी, हवा खेळायला जागा नाही. बोगमाळोच्या वाळूत थोडा वेळ ठेवली तर फोन तापून बंद पडला. काळा रंग अजिबात घेऊ नका.

आत कप्पा नाही, ही खरी उणीव. ओला टॉवेल टाकला की बाकीचंही दमट होतं. त्यामुळे आमच्या सहलीचा क्रमच बदलला: सकाळी जुने गोवे आणि मंगेशी, समुद्र शेवटी, तोही बोगमाळोचा, बंदराजवळचा. (बॅसिलिकात आणि देवळात खांदे-गुडघे झाकलेले लागतात, म्हणून ओढणी सगळ्यात वर ठेवते.) हा क्रम वेळेच्या दृष्टीनेही बरा. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. आपण ठरवलेल्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. झुआरीवर नवा पूल झाला तरी पणजीची गर्दी काही कमी झालेली नाही, त्यामुळे लांबचं आधी उरकलेलं बरं. दूधसागरचा हट्ट पाहुणे दरवेळी धरतात. कुळेपर्यंतच रस्ता लांब, पुढे जीप आणि तिची रांग. मी सरळ नाही म्हणते.

हवा भरून मिटली की बॅग तरंगते. ते पाहून भाचा ती छातीशी धरून खोल पाण्यात निघाला होता. जीवरक्षकाने शिट्टी मारून परत बोलावलं ते बरं झालं. ही काही लाइफ जॅकेट नव्हे. पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, आणि नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही.

खांद्याचा पट्टा एकच आहे, तो काचतो. पायलटच्या (म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसून जाताना तर बॅग सारखी पुढे येते. दोन पट्ट्यांची मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने बकल धुवा, वाळू अडकली की ते बसत नाही. आणि सुकवताना आतली बाजू बाहेर काढून सावलीत टांगा, नाहीतर कुबट वास येतो.