परळची बीआयटी चाळ की वरळीच्या बीडीडी चाळी?

चैत्यभूमीच्या दर्शनासाठी नांदेड, परभणी, जालन्याहून मुंबईला जाणाऱ्या अनेकांना परतीच्या गाडीपूर्वी अर्धा दिवस मोकळा मिळतो. त्या वेळेत जुनी कामगारवस्ती पाहायची असेल, तर दादरहून जवळ असलेल्या या दोन ठिकाणांपैकी एकाची निवड करावी लागते.

परळच्या चाळीचे महत्त्व एका बिऱ्हाडामुळे आहे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या त्या दोन खोल्या. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदा झाल्या तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता. बाबासाहेबांनीच उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हा जिना चढताना काय वाटते, ते वेगळे सांगायला नको. मात्र पाहण्यासारखे जे आहे ते अर्ध्या तासात पाहून होते.

वरळीत एका घराऐवजी अख्खी वस्ती दिसते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) उभारलेल्या येथील १२१ चाळींना तळमजला अधिक तीन मजले होते आणि प्रत्येक चाळीत १६० चौरस फुटांच्या ८० खोल्या होत्या. मधल्या लांब बोळात दोन्ही बाजूंना दारे, भरदुपारीही पेटलेला दिवा, दारापाशी पाण्याचे पिंप. मोरी खोलीत, पण शौचालय मजल्यावर सामाईक. एवढ्या जागेत मुलाबाळांसह गावाकडून आलेला पाहुणाही सामावत असे. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथर या तरुणांच्या आंबेडकरवादी संघटनेच्या सभेनंतर दंगल उसळली तीही येथेच, त्यामुळे चळवळीचा इतिहास केवळ परळला आहे असे समजू नये.

माझा कौल वरळीकडे झुकतो, त्याचे मुख्य कारण काळाचे आहे. पुनर्विकासात जुन्या चाळी पाडल्या जात असून, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांचा ताबा मिळाला. रहिवाशांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. आपल्याला चाळ पाहायला मिळावी म्हणून कोणी सामाईक शौचालयाच्या रांगेत का उभे राहावे? सोबत वृद्ध आई-वडील असतील आणि बाबासाहेबांचे घर पाहणे हाच हेतू असेल, तर मात्र विचार न करता परळला जावे. दोन्हीकडे माणसे राहतात, म्हणून बोळात शिरण्यापूर्वी दारात बसलेल्या आजींना विचारावे आणि मोबाइल खिशात ठेवावा.