राजारामपुरीतलं जेनेरिक मेडिकल: पैसे वाचतात, पण गोळी बदलताना काय बघायचं?

कोल्हापुरात जेनेरिक औषधांची (मूळ औषधाचाच घटक, पण दुसऱ्या कंपनीने बनवलेला आणि सहसा स्वस्त) दुकानं आता बहुतेक पेठांत सापडतात. हे त्यातलं एक, राजारामपुरीच्या आतल्या गल्लीतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि मनावर घेतलं तर त्या महिन्याभरात सुटण्यासारख्या आहेत. ज्या घरात बीपी, शुगर, थायरॉईडची औषधं कायमची चालू आहेत त्यांनी इथं जावं का? हो, जावं. पण "ह्यातलंच स्वस्तातलं द्या" एवढंच सांगून पिशवी उचलू नये. गोळीची कंपनी बदलणं म्हणजे साबणाची कंपनी बदलणं नव्हे.

आत गेल्यावर पहिली चांगली गोष्ट दिसते ती मांडणी. बहुतेक मेडिकलमध्ये कप्पे कंपनीवार असतात, नाहीतर ब्रँडच्या अक्षरांप्रमाणे. इथं औषधं कामाप्रमाणे लावली आहेत: हृदय आणि रक्तदाब एका बाजूला, मधुमेह आणि पोट दुसऱ्या, जंतुसंसर्ग वेगळा, मेंदू आणि मज्जातंतूंची औषधं कुलपातल्या कपाटाशेजारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या एटीसी वर्गीकरणाचंच हे सोपं रूप आहे. त्यात प्रत्येक औषधाला पाच पायऱ्यांचा संकेतांक असतो. मेटफॉर्मिनचा ए१०बीए०२. ए म्हणजे पचन आणि चयापचय, १० म्हणजे मधुमेह, बी म्हणजे इन्सुलिन सोडून साखर कमी करणारी, पुढचा ए म्हणजे बिगुआनाइड हा रासायनिक गट आणि ०२ म्हणजे खुद्द मेटफॉर्मिन.

गिऱ्हाइकाला संकेतांक पाठ करायची गरज नाही. नावाचं शेपूट ओळखता आलं की पुष्कळ काम होतं. शेवटी सार्टान, प्रिल, डिपिन किंवा ओलॉल असेल तर ते रक्तदाब किंवा हृदयासाठी, स्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी, ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन शुगरसाठी, प्राझोल आम्लपित्तासाठी. एका डॉक्टरांनी टेल्मिसार्टान लिहिलं आणि दुसऱ्यांनी लोसार्टान, तर ब्रँडची नावं वेगळी असल्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि एकाच गटाच्या दोन गोळ्या पोटात जातात. रक्तदाब जास्त उतरतो, पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. इथले फार्मासिस्ट दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून हे पकडतात, आणि या एका गोष्टीसाठी दुकानाला पूर्ण गुण द्यायला हवेत. शेपटावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नये. एरिपिप्राझोलच्या शेवटीही प्राझोल येतं, पण ते पोटाचं औषध नाही, मानसिक आजाराचं आहे.

आता मूळ प्रश्न: स्वस्त गोळी तशीच काम करते का? नवं औषध बाजारात यायला साधारण १० ते १५ वर्षं लागतात. आधी प्रयोगशाळा आणि प्राणी. मग पहिल्या टप्प्यात २० ते १०० निरोगी माणसं, दुसऱ्यात काहीशे रुग्ण, तिसऱ्यात हजारांच्या घरात, आणि विक्री सुरू झाल्यावरही चौथ्या टप्प्याची पाहणी. पेटंट २० वर्षांचं असतं, पण ते अर्जाच्या तारखेपासून मोजतात. म्हणून औषध दुकानात येईपर्यंत त्यातली बरीच वर्षं सरलेली असतात. पेटंट संपलं की दुसऱ्या कंपन्यांना तोच घटक बनवता येतो. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि त्याच महिन्यात अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या, भाव एकदम खाली आला. गोळीतला घटक तोच होता, फक्त मक्तेदारी संपली होती.

जेनेरिक बनवणाऱ्याला ते सगळे टप्पे पुन्हा करावे लागत नाहीत. त्याला दाखवावं लागतं की आपली गोळी रक्तात मूळ औषधाइतकीच आणि तितक्याच वेगाने पोचते. साधारण दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध, मध्ये काही दिवसांची विश्रांती, मग जेनेरिक देतात आणि दर वेळी ठरावीक अंतराने रक्त तपासतात. सर्वोच्च पातळी आणि एकूण शोषण या दोन्हींचं गुणोत्तर, त्याच्या ९० टक्के विश्वास-मर्यादेसकट (खरं गुणोत्तर ज्या दोन आकड्यांच्या मधे असावं असा अंदाज असतो, ते आकडे), ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावं लागतं. इथंच मोठा गैरसमज आहे. "जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असतं" हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं आणि ते चूक आहे. मर्यादेची दोन्ही टोकं त्या चौकटीत बसवायची तर प्रत्यक्ष सरासरीत फार फरक पडून चालतच नाही. गोळीत घटक किती मिलिग्रॅम हवा, ते तर फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) वेगळं ठरवून देते. भारतात २०१७ पासून पाण्यात कमी विरघळणाऱ्या घटकांच्या पोटात घ्यायच्या औषधांना नवा परवाना हवा असेल तर ही चाचणी सक्तीची आहे. टेल्मिसार्टान आणि ॲटोर्व्हास्टॅटिन त्याच गटातली.

म्हणजे घटक, ताकद आणि गोळीचा प्रकार या तिन्ही गोष्टी जुळल्या तर बहुतेक औषधांत बदल चालतो. बिघडतं ते तिसऱ्या गोष्टीत. मेटोप्रोलॉलचंच घ्या. ते टार्ट्रेट आणि सक्सिनेट अशा दोन क्षारांत, म्हणजे एकाच घटकाच्या दोन रासायनिक रूपांत मिळतं. टार्ट्रेट लवकर उतरतं म्हणून सहसा दिवसातून दोनदा, सक्सिनेट हळूहळू सुटणाऱ्या गोळीत असल्यामुळे एकदा. सक्सिनेटच्या पाकिटावर ४७.५ मि.ग्रॅ. लिहिलेलं असतं आणि ते ५० मि.ग्रॅ. टार्ट्रेटच्या बरोबरीचं असतं. घाईत "५० ची मेटोप्रोलॉल" म्हणून साधी गोळी हातात आली आणि ती दिवसातून एकदाच घेतली, तर रात्री नाडी आणि रक्तदाब मोकळे सुटतात. ॲम्लोडिपिनचंही असंच: एस-ॲम्लोडिपिन २.५ म्हणजे साध्या ॲम्लोडिपिनची ५. नावामागचं एक अक्षर सुटलं की डोस दुप्पट नाहीतर निम्मा. या दुकानात बिल करण्याआधी पाकिटाची मागची बाजू चिठ्ठीशेजारी धरून बोटाने ओळ दाखवतात. घटकाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम २०१८ पासून आहे, त्यामुळे चष्मा घरी राहिला तरी तुम्हालाही ताडून बघता येतं.

एसआर, एक्सआर, ईआर ही अक्षरं असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चावू किंवा कुटू नये. दिवसभराचा डोस तासाभरात सुटतो. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्यांवर रेघ असते, त्या रेघेवर मोडलेल्या चालतात, पण चावून नाही. मेटफॉर्मिन एसआर घेणाऱ्यांना कधी कधी शौचात गोळीसारखा मऊ सांगाडा दिसतो आणि "गोळी विरघळलीच नाही, जेनेरिक बोगस आहे" म्हणून तक्रार येते. तो औषध सुटून गेल्यावर उरलेला नुसता साचा असतो. महागड्या ब्रँडमध्येही तो दिसतो.

काही औषधांत मात्र कंपनी वारंवार बदलू नये: थायरॉक्सिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, वॉरफरिन, लिथियम, डिगॉक्सिन. कामाचा डोस आणि त्रासाचा डोस यांत अंतर थोडं, म्हणून किरकोळ फरकही जाणवतो. दुकान थायरॉक्सिन आणि फेनिटॉइन एकाच कंपनीचं ठेवतं आणि ते संपलं तर दुसरं खपवण्यापेक्षा चार दिवस थांबायला सांगतं. ही सचोटी आहे. थायरॉक्सिनची कंपनी बदलावीच लागली तर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) सहा आठवड्यांनी तपासायचं. त्यामागे हिशेब आहे: रक्तातलं औषध निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात आणि नवी पातळी स्थिरावायला असे चार-पाच कालखंड जावे लागतात. दोन आठवड्यांनी केलेल्या तपासणीचे पैसे वाया.

साठवणीत दुकान चांगलं आहे. टेल्मिसार्टानच्या गोळ्या हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून त्या जाड ॲल्युमिनियमच्या पाकिटात येतात. कोल्हापुरात जूनपासून जी ओल धरते, तीत ही गोळी आठवड्याच्या डबीत काढून ठेवली तर मऊ पडते, कधी चुरा होतो. इथं सुट्या गोळ्या देताना कप्पा फोडत नाहीत, कात्रीने पूर्ण कप्पे कापतात. शिवाय बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत राहील अशा बाजूने सुरुवात करतात. बॅच नंबरचा उपयोग होतो: केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी जाहीर करतात आणि ती यादी इथं काउंटरच्या काचेखाली लावलेली असते. बाकीच्या मेडिकलवाल्यांनीही हे उचलावं.

लहान मुलांचं ॲन्टिबायोटिकचं कोरडं सिरप काउंटरवर कालवून मागा, इथं नाही म्हणत नाहीत. उकळून थंड केलेलं पाणी आधी निम्म्यापर्यंत घालतात, बाटली जोरात हलवतात, फेस बसू देतात, मग बाणाच्या खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवतात. घरी बहुतेक जण एकदम खुणेपर्यंत पाणी ओततात. भुकटी विरघळली की पातळी खाली जाते आणि वर पाणी घालायचं राहतं. मग प्रत्येक चमच्यात औषध जास्त. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं कालवलेलं सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं आणि ७ दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं, कारण क्लॅव्ह्युलॅनेट पाण्यात टिकत नाही.

इन्सुलिनचा फ्रिज स्वतंत्र आहे, थर्मामीटर बाहेरून दिसतो, २ ते ८ अंशांत. एसटीने गारगोटी किंवा गगनबावड्याकडे जाणाऱ्यांना बर्फाची पिशवी देतात, पण इन्सुलिन आधी कागदात गुंडाळून. बर्फाला थेट टेकून गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी फेकूनच द्यायचं. त्यातल्या प्रथिनाची घडी बिघडलेली असते.

चिठ्ठीशिवाय ॲन्टिबायोटिक मिळत नाही म्हणून काही लोक या दुकानावर नाराज आहेत. दुकानाचंच बरोबर आहे. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम ही शेड्यूल एच-१ या जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीतली औषधं. मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची नोंद, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासकट, तीन वर्षं जपून ठेवावी लागते. अझिथ्रोमायसिन एच-१ मध्ये नसलं तरी शेड्यूल एच या दुसऱ्या यादीत आहे, त्यालाही चिठ्ठी लागतेच. आणखी एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो: या दोन्ही याद्यांतल्या औषधांच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं काही द्यायला औषध नियमावलीतला नियम ६५ दुकानदाराला मनाई करतो, घटक तोच असला तरी. म्हणून डॉक्टरांना घटकाचंच नाव ठळक अक्षरात लिहायला सांगा. त्यांच्या आचारसंहितेतही तेच अपेक्षित आहे.

आता तक्रारी. दारावरचा "८० टक्क्यांपर्यंत सूट" हा फलक काढून टाकावा. काही जेनेरिकवर छापील किंमतच फुगवलेली असते. समजा १० गोळ्यांच्या पाकिटावर ११० रुपये छापलेत आणि ६० टक्के सूट मिळाली, तर गोळी ४ रुपये ४० पैशांना पडते. शेजारच्या साध्या मेडिकलमध्ये १५ गोळ्यांचं पाकीट ७५ रुपयांचं आणि सूट २० टक्केच, तरी गोळी ४ रुपयांना. पाकिटात गोळ्या किती ते आधी मोजा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. रात्री साडेआठनंतर फार्मासिस्ट नसतात आणि काउंटरवरची मुलं विक्री चालू ठेवतात. वर लिहिलेलं सगळं कौतुक त्या माणसाच्या नजरेचं आहे. ती नजर नसेल तेव्हा हे दुकान इतरांसारखंच. त्या वेळी मिळालेल्या पाकिटावर नुसतं "१-०-१" लिहिलेलं असतं, जेवणाआधी की नंतर काहीच नाही. पँटोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, कारण जेवणाने जागे झालेले आम्लाचे पंपच ते बंद करू शकतं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब. एवढ्या दोन ओळी छापलेले शिक्के बनवायला काहीच अवघड नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर सकाळी ११ ते १ या वेळेत जा, तेव्हा गर्दी कमी असते. मूळ चिठ्ठी न्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं न्या, दुसऱ्या डॉक्टरांचीसुद्धा. पहिल्या वेळी १५ दिवसांचंच घ्या. त्या पंधरवड्यात बीपी किंवा शुगर घरी लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवल्यावर पुढचं पूर्ण महिन्याचं घ्या. न फोडलेलं पाकीट बिलासह आठ दिवसांत परत घेतात. इन्सुलिन आणि कालवलेलं सिरप घेत नाहीत.