सायलेन्सरचा सांधा, ‘650 अंशांचे’ सिलिकॉन आणि माझे 7,250 रुपये

गणपतीला दोन दिवस उरले असताना, ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये सायलेन्सरची गळती कायमची बंद करून देतो असे सांगून माझ्याकडून 7,250 रुपये उकळण्यात आले. ही गोष्ट घरातसुद्धा मी बरेच दिवस पूर्ण सांगितली नव्हती, कारण गेली बावीस वर्षे मी स्वतः गाडी चालवतो, टायर, बॅटरी, ऑइल यांची माहिती बऱ्यापैकी ठेवतो, आणि तरीही एका ट्यूबवरच्या स्टिकरने मला फसवले याची लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे, म्हणून लिहितो आहे.

गाडी 2016 सालची, पेट्रोलवर चालणारी. पावसाळाभर खड्ड्यांतून गेल्यामुळे असेल, पण सकाळी गाडी सुरू केली की पुढच्या बाजूने खालून टक-टक असा आवाज येई आणि इंजिन तापले की तो कमी होई. सांध्यातून गळती असल्याची ही ओळखीची खूण आहे, कारण लोखंड तापून प्रसरण पावले की फट थोडी बुजते. गॅरेजच्या मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली, मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) आणि पुढचा पाइप जोडणाऱ्या फ्लँजवरची, म्हणजे बोल्टने आवळायच्या कडेवरची, काळी काजळी मला बॅटरीच्या उजेडात दाखवली. गळती खरी होती, आणि मी फसलो त्याचे पहिले कारण हेच की त्याचे पहिले वाक्य खरे होते. पुढे तो म्हणाला, “साहेब, पुढचा पूर्ण पाइप बदलायचा तर 18,500 लागतील आणि गणपतीच्या आधी माल येणार नाही. नाहीतर इम्पोर्टेड सिलिकॉन भरतो, दोन तासांत गाडी देतो.” सांध्यात बसणारे नुसते पॅकिंग (फट बंद करणारी चकती) बदलता येते, हा तिसरा मार्ग त्याने सांगितलाच नाही. गावी घरचा गणपती बसायचा होता, रेल्वेचे आरक्षण मिळालेले नव्हते आणि वयस्कर आईला घेऊन जायचे होते. अशा वेळी कोणीही दुसरा पर्यायच निवडला असता, असे मला आजही वाटते.

मी डोळे मिटून हो म्हटले नव्हते. मी विचारले, किती अंशांपर्यंत टिकते? तो म्हणाला, “650.” पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमधून बाहेर पडणारा धूर 700 ते 850 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, पुढच्या सांध्याचे लोखंड त्याहून थंड असते आणि मागच्या डब्यापर्यंत तापमान बरेच उतरते, एवढे मी वाचले होते. शहरातल्या वेगात 650 पुरेल, असा हिशेब मी मनात केला. पण 650 काय, सेल्सिअस की फॅरनहाइट, हे मी विचारले नाही. कोणीही तुम्हाला तापमानाचा नुसता आकडा सांगितला, तर त्यापुढचे अक्षर ट्यूबवर दाखवायला सांगा आणि ते दिसेपर्यंत पैसे देऊ नका.

ट्यूब गॅरेजमध्ये नव्हती. मिस्त्रीने एका ‘वितरकाला’ फोन केला, माझ्या व्हॉट्सॲपवर ट्यूबचा फोटो आला, मी यूपीआयवरून एका व्यक्तीच्या खात्यात 1,650 रुपये पाठवले आणि चाळीस मिनिटांत एक मुलगा पिशवीतून ट्यूब घेऊन आला. ती लाल ट्यूब मी हातात घेतली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 650 छापलेले होते आणि त्या आकड्याला अगदी खेटून एक चकचकीत सोनेरी स्टिकर होता. त्या स्टिकरचा खालचा कोपरा सुटलेला होता. मी अंगठ्याने तो कोपरा दाबून पुन्हा चिकटवला. वर उचलला नाही, दाबला. गेले कित्येक आठवडे माझ्या डोळ्यांसमोर तो अंगठा येतो. उलट दिशेने नख फिरवले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. मागच्या बाजूला जिथे किंमत असते तिथे काळ्या शाईची जाड रेघ होती, तीही मी पाहिली होती आणि आयात मालावर असे असेल, अशी मीच माझी समजूत घातली होती.

दुसरी खूण नाकाला कळली होती. मिस्त्री तो लाल पदार्थ फ्लँजच्या कडेवर बोटाने फासत असताना व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला. बाथरूमच्या कडेला सिलिकॉन भरतात तेव्हा येतो तोच वास. हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणाऱ्या साध्या सिलिकॉनमधून ॲसेटिक ॲसिड बाहेर पडते, त्याचा तो वास असतो. सायलेन्सरच्या सांध्यांसाठी जी पेस्ट मिळते ती बहुतेक सोडियम सिलिकेटची, पाण्यात कालवलेल्या सिमेंटसारखी असते, तिला हा वास येत नाही. सांध्यावर काही लावताना आंबट वास आला, तर काम तिथेच थांबवा. मी मात्र उभा राहून बघत होतो. पुढे सांधा मोठा आहे म्हणून आणखी दोन ट्यूब मागवल्या, हीटगनने ‘पकवण्याचे’ 800 घेतले आणि मजुरी 1,500. तीन ट्यूबचे 4,950 धरून 7,250 झाले. बिल मागितले तेव्हा “गणपतीनंतर देतो” असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सुकेळी खिंडीचा चढ लागला तसा खालून फट-फट आवाज सुरू झाला, आधीपेक्षा मोठा. काचा बंद होत्या, एसी चालू होता. कोलाडच्या पुढे आई म्हणाली की डोके जड झाले आहे आणि मळमळते आहे. मला वाटले रस्त्यामुळे असेल. हे लिहिताना हात थरथरतो, कारण इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि त्याची पहिली लक्षणे डोकेदुखी आणि मळमळ हीच असतात. पुढच्या भागातला सांधा फुटलेला असताना बंद काचांत प्रवास करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पत्नीने हट्टाने चारही काचा खाली करायला लावल्या, आणि अर्ध्या तासात आईला बरे वाटू लागले.

माणगावला एका छोट्या गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रीने फ्लँज उघडला. ते लाल सिलिकॉन आतल्या बाजूने जळून पांढरट राख झाले होते, बोटात धरले की पीठ होत होते. डिकीत उरलेली अर्धी ट्यूब त्यांनी मागून घेतली, रॉकेलच्या बोळ्याने आधी स्टिकर आणि मग मागची काळी रेघ पुसली, आणि काही न बोलता ट्यूब माझ्या हातात दिली. 650 च्या पुढे एफ हे अक्षर होते. म्हणजे 343 अंश सेल्सिअस, आणि तेही थोडा वेळ. सतत सोसण्याची मर्यादा त्याखालीच बारीक अक्षरांत 260 सेल्सिअस अशी छापलेली होती. छापील किंमत 195 रुपये होती.

हे सिलिकॉन नकली नव्हते. ऑइलच्या चेंबरला किंवा टॅपेट कव्हरला ते उत्तम चालते, तिथे तापमान तेवढे नसते. मिस्त्री सांगत होते की दोन फ्लँजमधल्या सांध्याला मुळात पेस्ट लागतच नाही. तिथे नवे पॅकिंग घालायचे, गंजलेले बोल्ट बदलायचे आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या करत सारख्या आवळायच्या. सायलेन्सरची पेस्ट चालते ती एका पाइपात दुसरा पाइप घुसतो त्या सांध्याला, आणि तिथेही तारेच्या ब्रशने गंज काढून, पातळ थर देऊन, वरून क्लॅम्प आवळून, मग इंजिन दहा मिनिटे नुसते चालू ठेवून रात्रभर वाळू द्यावी लागते. ती पेस्ट वाळली की दगडासारखी होते, त्यामुळे हलणाऱ्या जाळीदार फ्लेक्स पाइपला ती लावली तर तडकून पडते. फ्लेक्स फाटला असेल तर तो बदलावाच लागतो. नवे पॅकिंग, दोन बोल्ट आणि मजुरी मिळून त्यांनी 950 रुपये घेतले आणि हाताने लिहिलेले का होईना, बिल दिले.

ठाण्याला परतल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला. सांध्याच्या लगेच पुढे बसलेल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर पांढरे पुट चढले होते. साध्या सिलिकॉनची वाफ धुराबरोबर जाऊन सेन्सरवर बसते आणि तो निकामी होतो. म्हणूनच अशा ट्यूबवर ती सेन्सरला सुरक्षित आहे की नाही हे पाहायचे असते. सेन्सरचे 4,350 गेले. एकूण 12,550 रुपये, 950 च्या कामासाठी.

गॅरेजवाल्याने ट्यूब आपण विकलीच नाही, आपण फक्त लावली, असे तोंडावर सांगितले. वितरकाचा फोन बंद होता. चौकीत गेलो तर हा दिवाणी वाद आहे, ग्राहक न्यायालयात जा, असे सांगून साधा अर्जही घेतला नाही. तिसऱ्या फेरीला घेतला, पण पोच देताना शिक्का नाही म्हणून पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावले. बँकेने कळवले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. एका सरकारी कार्यालयात छापील किमतीवर शाई फासल्याची तक्रार घेऊन गेलो, तर टेबलावरच्या बाईंनी विचारले की न उघडलेली ट्यूब कुठे आहे? उघडल्याशिवाय फसवणूक कळणार कशी, याचे उत्तर तिथे कोणाकडेच नव्हते. मला विक्रेत्याचा पत्ता मागितला, जो लपवण्यासाठीच त्याने सगळा व्यवहार फोनवर केला होता. प्रत्येक ठिकाणी मला, एका साठीच्या माणसाला, बिल का घेतले नाही म्हणून शाळकरी मुलासारखे झापले गेले, आणि ज्याने बिल दिले नाही त्याला एका फोनने विचारण्याची तसदी कोणीही घेतली नाही.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, वजन आणि कमाल किंमत असावीच लागते, आणि स्टिकर लावून ती किंमत वाढवता येत नाही, हे 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत स्पष्ट आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि मी तिथे तक्रार दाखल केली आहे. स्टिकर काढण्यापूर्वी ट्यूबचे फोटो काढून ठेवा. मी काढले नव्हते, माझ्याकडे फक्त त्या मुलाने आणलेली पिशवी, व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि पुसलेली ट्यूब आहे.

परवा माझ्या मेहुण्याने कापूरबावडीच्या एका गॅरेजमधून मला फोन केला. दुसऱ्या एका क्रमांकावरून त्याला ट्यूबचा फोटो आला होता, खात्री करायची म्हणून त्याने तो मला पाठवला. तीच लाल ट्यूब, तोच सोनेरी स्टिकर. किंमत आता 1,750 आहे.