निचऱ्याचे पाणी पुन्हा वापरताना: क्लोरीन, यूव्ही की वाळूचा संथ फिल्टर?

तळेगाव दाभाडे आणि मावळ परिसरातील जे जरबेरा उत्पादक मातीच्या बेडवरून कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंड्यांकडे वळत आहेत, त्यांच्यापुढे कुंड्यांखालच्या पन्हळीतून रोज वाहून जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो. 10 गुंठ्यांत 6,000 झाडे आणि झाडामागे दिवसाला 600 मिली पाणी धरले, तर 3,600 लिटरपैकी चौथा हिस्सा, म्हणजे 900 लिटर पाणी, महागड्या विद्राव्य खतांसह निचऱ्यात जाते. ते वाया घालवणे मला पटत नाही. मात्र पिथियम आणि फायटोप्थोरा या मुळे कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या रोगजंतूंचे बीजाणू पाण्यात पोहत पसरतात, म्हणून निर्जंतुक न करता ते परत ठिबकला जोडणे हा त्याहून मोठा तोटा आहे.

क्लोरीनला सुरुवातीचा खर्च सर्वांत कमी लागतो. या बीजाणूंसाठी ड्रिपरच्या तोंडाशी सुमारे 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेला, क्लोरीन मिळावा लागतो. परंतु निचऱ्यातील सेंद्रिय कण आणि अमोनियम तो आधीच खाऊन टाकतात आणि पाण्याचा सामू (पीएच) 7.5 च्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो, म्हणून टाकीत किती ओतला यापेक्षा ठिबकच्या शेवटच्या नळीवर (लॅटरल) क्लोरीन तपासायची पट्टी काय दाखवते, हे पाहावे. सामू उतरवण्याचे आम्ल आणि क्लोरीनचे द्रावण कधीही एकत्र ओतू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, पाण्यात काहीही मिसळत नाही आणि जागाही थोडी घेते. तिची अडचण कोकोपीटच्या रंगात आहे. नव्या कोकोपीटचा निचरा काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरला, तर तो कोऱ्या चहासारखा दिसतो, आणि अशा पाण्यात किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय ही किरणे लोहाचे चिलेटही (झाडाला लोह घेता येईल असे विद्राव्य रूप) मोडतात, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडू लागली तर लोहाची मात्रा तपासून पुन्हा द्यावी लागते.

10 ते 20 गुंठ्यांच्या शेतकऱ्याला मी वाळूचा संथ फिल्टरच सुचवीन. बारीक, धुतलेल्या वाळूच्या सुमारे मीटरभर थरातून तासाला प्रति चौरस मीटर 100 लिटर पाणी सोडले, तर वर सांगितलेले 900 लिटर एक चौरस मीटरच्या टाकीतून नऊ तासांत निघते. गाळणीचे खरे काम वाळूच्या वरच्या थरावरील सूक्ष्मजीव करतात. ते बसायला काही आठवडे लागतात आणि पाणी थांबले तर मरतात, म्हणून उरलेल्या वेळी तेच पाणी फिरवत ठेवावे. पुरवठ्याची टाकी उंचावर असेल तर वीज गेल्यावरही प्रवाह तुटत नाही. फ्युजॅरियम ही मर रोगाची बुरशी मात्र यात पूर्णपणे अडत नाही. तिचा प्रादुर्भाव आधीच असेल, पाणी स्वच्छ असेल आणि वीज भरवशाची असेल, तर यूव्हीचा खर्च योग्य ठरेल.

यातील कोणतीही पद्धत सोडियम काढत नाही. बोअरचे पाणी खारट असेल, तर दर फेरीला क्षार साचत जातात. हरितगृहाच्या 1,000 चौरस मीटर छतावर पडणारा प्रत्येक मिलिमीटर पाऊस 1,000 लिटर देतो. तो शेततळ्यात साठवून निचऱ्यात मिसळावा, आणि ईसी (पाण्यातील एकूण क्षार दाखवणारी विद्युतवाहकता) नियंत्रणात असला तरी सोडियम प्रयोगशाळेत वेगळा तपासून घ्यावा.