नळ की जार?

मुंबईत भाड्याचं घर लागलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो: वीस लिटरचा जार लावायचा, की नळाचं पाणी गाळून, उकळून प्यायचं? मुलुंडच्या घरात मी दोन्ही करून पाहिलंय.

जारची सोय खरी आहे. घरात तान्हं बाळ असेल किंवा पाणी उकळायला सवडच नसेल, तर जार घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

माझं बिनसलं ते वासावरून. आम्ही दोघं कामाला गेलो की जारवाला जार खाली गेटपाशी ठेवून जायचा, भर उन्हात. मे महिन्यात एका संध्याकाळी वर आणला, तर झाकणावरची पट्टी सैल, पाणी कोमट आणि पेला तोंडाशी नेला की प्लास्टिकचा वास. माठात ओतून रात्रभर ठेवलं, तरी वास तसाच. त्याने जार बदलून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ऐंशी रुपये मोजायचे आणि प्रत्येक जार हुंगून घ्यायचा, हे मला जमेना.

त्याच सुमारास शहापूरकडची मावशी आली होती. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा ही धरणं तिच्याच तालुक्यात, पण उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर टँकर येतो. मी जारमधून पेला भरून दिला, तर म्हणाली, "नळाला पाणी नाही का रे आज?" काय सांगणार?

नळाला पाणी होतं. शंभरेक किलोमीटरवरून येऊन शुद्ध झालेलं, आणि घरगुती दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत! 1860 साली विहार तलावाचं पाणी शहरात आलं, तेव्हापासून ही व्यवस्था वाढतेच आहे आणि आपण तिच्याकडे पाहतही नाही.

नळाची कटकट नाही असं नाही. पाणी ठरावीक वेळच येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा राहतो आणि कुठे गळत असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून पाणी आलं की पहिली बादली आम्ही लादी पुसायला ठेवतो, पिण्याचं नंतर भरतो. पावसाळ्यात न चुकता उकळतो.

घर बघायला जाल तेव्हा सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, ते मात्र विचारा. तारीख सांगता आली नाही, तर टाकी धुऊन होईपर्यंत जार घ्या.