जहाजावरची दोन वर्षं की डीटीएसचे सहा महिने?

बारावी नाहीतर पदवी झाली की आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात एखादा मुलगा, एखादी मुलगी उठून सांगते, ‘मला सेवेसाठी बाहेर जायचंय.’ घरात प्रार्थना सुरू होते, पाळकसाहेबांशी बोलणं होतं, आणि दोन नावं हमखास पुढे येतात: ओएमचं (ऑपरेशन मोबिलायझेशन) जहाज आणि वायवॅमचं (यूथ विथ अ मिशन) डीटीएस, म्हणजे डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल. दोन्ही संस्था कुठल्या एका पंथाच्या नाहीत. दोन्हीकडे पगार नाही. लांबून त्या सारख्याच वाटतात, पण रोजच्या जगण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. निर्णय त्या रोजच्या जगण्यावरूनच करावा, असं माझं ठाम मत आहे. कोणते देश बघायला मिळतील हे नंतर विचारा. साध्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता आपण काय करत असू, हे आधी विचारा.

जहाजावरचा मंगळवार

‘लोगोस होप’ 1973 साली जर्मनीत प्रवासी फेरीबोट म्हणून बांधलं गेलं. 2009 पासून ते ओएमच्या सेवेत फिरतंय. साठेक देशांतले साडेतीनशेच्या आसपास स्वयंसेवक त्यावर राहतात आणि कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत कोणीच पगार घेत नाही. ‘डुलोस होप’ हे दुसरं जहाज आकाराने बरंच लहान आहे. पूर्ण कालावधीसाठी जाणारे बहुतेक जण दोन वर्षांची तयारी ठेवून जातात.

जहाजावर गेल्यावर तुम्हाला एक विभाग नेमून दिला जातो: स्वयंपाकघर, जेवणघर, साफसफाई, डेक, इंजिनरूम, किंवा बंदरावर भेट द्यायला येणाऱ्या लोकांसाठी असलेलं पुस्तकविक्रीचं दालन. साधारण आठवडा असा: पाच दिवस ते काम, एक दिवस किनाऱ्यावर जाऊन शाळा, तुरुंग, इस्पितळ, मंडळ्या यांच्यात सेवा, एक दिवस सुट्टी. म्हणजे मंगळवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही सुवार्ता सांगत नसता, बहुधा साडेतीनशे माणसांच्या नाश्त्याची भांडी धूत असता. ती धुऊन होईपर्यंत दुपारच्या जेवणाची तयारी लागलेली असते.

पुस्तकांच्या दालनाचं काम वरून सोपं दिसतं. पाच हजारांच्या आसपास पुस्तकं मांडलेली असतात, पण त्यांच्यावर किंमत रुपयांत नसते आणि डॉलरमध्येही नसते. ती ‘युनिट’मध्ये असते. बंदर बदललं की तक्ता बदलतो: शंभर युनिट म्हणजे इथल्या चलनात इतके. तिथे उभ्या असलेल्या मुलीला हा हिशेब दिवसभर, गर्दीत, जेमतेम इंग्रजी समजणाऱ्या माणसाला हसतमुखाने समजावून सांगावा लागतो. एखादी आजी हातात चित्रांचं पुस्तक घेऊन तक्त्याकडे बघत उभी राहते. तिला घाई न करता आकडा काढून दाखवणं, तिच्या नातवाचं नाव विचारणं, हीच त्या दिवसाची सेवा असते. हे ज्याला मनापासून पटतं त्याला जहाज मानवतं. ज्याला ‘खरी सेवा’ कधी सुरू होणार असं रोज वाटतं, तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोमेजतो.

झोपायला लहान केबिन, एकावर एक बर्थ, दोघं ते चौघं जण. पुष्कळ केबिनना खिडकी नाही. साथीदार एक ब्राझीलचा, एक दक्षिण कोरियाचा, एक जर्मन असू शकतो. तिघांच्या ‘वेळेवर’ येण्याच्या कल्पना तीन असतात आणि भांडण झालं तर निघून जायला दुसरी खोली नसते. एका बंदरात जहाज सहसा काही आठवडे थांबतं. मग दोर सुटतात, बोट लागून मळमळतं, आणि कालपर्यंत ज्यांच्या घरी जेवलो ती माणसं मागे राहतात.

आई-वडील सुरक्षेबद्दल विचारतात आणि त्यांना खरं उत्तर मिळायला हवं. ओएमचं पहिलं जहाज ‘लोगोस’ जानेवारी 1988 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला बीगल खाडीत खडकावर चढलं. जहाज गेलं, पण माणसं सगळी वाचली. 1991 मध्ये फिलिपीन्समधल्या झांबोआंगात ओएमच्याच ‘डुलोस’ या जुन्या जहाजाच्या कार्यक्रमावर ग्रेनेड फेकले गेले आणि दोन तरुण स्वयंसेविका मरण पावल्या. आज प्रत्येक नव्या माणसाला समुद्रावरच्या सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावंच लागतं. त्यात आग विझवणं असतं, पाण्यात तग धरणंही असतं. पुढेही सरावाचा भोंगा ठरलेला. घरच्यांपासून यातलं काही लपवू नका.

डीटीएसचा मंगळवार

वायवॅमची सुरुवात 1960 साली लॉरेन कनिंगहॅम यांनी केली. डीटीएस हा त्यांचा शिष्यत्वाचा अभ्यासक्रम म्हणजे संस्थेत शिरण्याचं दार आहे. पुढे वायवॅममध्ये काम करायचं असेल तर तो करावाच लागतो. साधारण बारा आठवडे केंद्रावर शिकायचं आणि त्यानंतर दोन-तीन महिने गटाने बाहेर सेवेला जायचं.

इथे मंगळवारी सकाळी नऊ वाजता तुमच्या हातात वही असते. पहाटे एकांतात वचन, मग स्तुती-आराधना, मध्यस्थीची प्रार्थना आणि वर्ग. दर आठवड्याला नवा विषय आणि बहुतेक वेळा नवा शिक्षक: देवाचं स्वरूप, त्याची वाणी ऐकणं, क्षमा, स्वतःचे हक्क सोडणं. दुपारी स्वयंपाकघरात, बागेत किंवा संडास-बाथरूमच्या सफाईत एक-दोन तास सगळ्यांना काम. संध्याकाळी लहान गट. तिथे स्वतःबद्दल बोलावं लागतं, आणि आपल्या मुलांना तेच सर्वांत अवघड जातं. वडिलांबद्दलचा राग, घरातलं दारूचं दुःख अशा ज्या गोष्टी आपण मंडळीत कधी उच्चारत नाही, त्या तिथे पहिल्यांदा तोंडाबाहेर पडतात. नीट सांभाळणारे लोक असतील तर माणूस हलका होऊन घरी येतो. म्हणून केंद्र निवडताना परिसराचे फोटो बाजूला ठेवा आणि तिथून शिकून आलेल्या दोघा-तिघांशी बोला. प्रत्येक केंद्र आपापला कारभार स्वतः बघतं. त्यामुळे एका केंद्राचा अनुभव दुसरीकडे लागू पडेलच असं नाही.

बाहेरच्या सेवेत दहा-बारा जणांचा गट एखाद्या मंडळीच्या फरशीवर गाद्या टाकून झोपतो. सकाळी शाळेत मुलांचा कार्यक्रम, दुपारी कोणाच्या तरी घराची रंगरंगोटी, संध्याकाळी घरोघरी प्रार्थना. ठरलेला बेत तासाभरात बदलतो. माणसं भेटतात ती थोड्याच दिवसांसाठी. यजमान मंडळीला आपल्यामुळे किती काम पडतंय, याचं भान गटाने ठेवलं तर सेवा होते. ते न ठेवता केलेली फेरी म्हणजे सहल, मग प्रार्थना कितीही झालेल्या असोत.

पैसा आणि घर

जहाजासाठी दरमहा खर्चाइतकी मदत आपल्या मंडळीतून, नातेवाइकांतून उभी करावी लागते, तीही दोन वर्षं. डीटीएसची फी दोन भागांत असते, शिकण्याची वेगळी आणि बाहेरच्या सेवेची वेगळी. काही केंद्रांत ती तुमच्या देशानुसार कमी-जास्त होते. आकडा एकदाच उभा करायचा असल्याने घराला डीटीएस सोपं जातं. जहाजाच्या बाबतीत पहिल्या चार महिन्यांत सगळे उत्साहाने देतात आणि दुसऱ्या वर्षी वर्गणी आटते. निघण्याआधी मंडळीच्या कमिटीकडून दोन्ही वर्षांची रक्कम लेखी ठरवून घ्या. यात विश्वास कमी पडल्याचं काही नाही. ज्या पंचांना आज तुमचं कौतुक आहे, ते पुढच्या वर्षी बदललेले असतील.

नव्याने प्रेमात पडायला दोन्हीकडे आडकाठी असते. डीटीएसमध्ये सहसा पूर्ण अभ्यासक्रमभर, जहाजावर सुरुवातीच्या काळात. लग्नाचं बघायला सुरुवात झालेली असेल तर घरी आधीच मोकळेपणाने बोला. जहाजावरून दोन वर्षांत मधेच येणं खर्चाचं आणि अवघड असतं.

दोन्हीकडे न मिळणारी गोष्ट

दोन्हीपैकी कुठेही एखादी भाषा, एखादं गाव मनात मुरत नाही. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) मंडळीच्या, सेवेला जाणाऱ्या मुलांकडे बघा. त्यांना देश निवडता येत नाही, नेमणूक सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून येते. पण मुलगे चोवीस महिने आणि मुली अठरा महिने एकाच प्रदेशात, बहुतेक एकाच भाषेत राबतात. सकाळी साडेसहाला उठणं, सतत नेमून दिलेल्या जोडीदाराबरोबर राहणं आणि 2019 पासून घरी आठवड्याला एक फोन, अशी ती शिस्त आहे. त्यांची शिकवण माझ्या मंडळीची नाही आणि तो मार्ग त्या मंडळीच्या सभासदांनाच खुला आहे. पण तिथल्या तरुणाला स्थानिक भाषेत बाजारहाट आणि विचारपूस करता येऊ लागते, ते जहाजावर होत नाही.

आपल्याकडे तर याहून मोठं उदाहरण आहे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये तिशीत गोव्यात आला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. त्याने मराठीत ओव्या रचल्या त्या काही एका मोसमात नव्हेत. तुमचं पाचारण असं एखाद्या लोकांत मिसळून राहण्याचं असेल, तर जहाज किंवा डीटीएस ही फक्त पहिली पायरी समजा आणि पुढच्या दहा वर्षांबद्दल आत्ताच पाळकांशी बोला.

मी कोणाला काय सुचवेन

अठरा-एकोणीस वर्षांचं, घराबाहेर कधी न राहिलेलं पोर असेल तर डीटीएस, आणि तेही शक्यतो भारतातल्या केंद्रावर. सहा महिन्यांत परत येऊन शिक्षण पुढे चालू ठेवता येतं. विश्वास अजून आई-बाबांचाच असेल, स्वतःचा झाला नसेल, तरीही तेच. इंग्रजी कच्चं असेल तर चिंता नको. डीटीएस जगभर अनेक भाषांत चालतात. जहाजावर मात्र सगळा कारभार इंग्रजीत.

आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, वेल्डर, हॉटेलात काम केलेला स्वयंपाकी, नर्सिंग झालेली मुलगी, वय बावीस-तेवीसच्या पुढे आणि घरचा कर्ता भाऊ दुसरा असेल, तर जहाज. अशा हातांची तिथे खरोखर गरज असते आणि हाताला ओळखीचं काम असलं की खिडकी नसलेली केबिनही सोसते. घरात तुमच्याच पगारावर चूल पेटत असेल, तर दोन्ही फॉर्म सध्या बाजूला ठेवा. मंडळीच्या शेजारच्या वस्तीत शनिवार-रविवार द्या आणि परिस्थिती सावरली की पुन्हा बघा.

जहाजाच्या अर्जाला आपल्या देशातल्या ओएम कार्यालयातून जावं लागतं. त्यात पाळकांचं शिफारसपत्र, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती असतात, म्हणून निघायच्या निदान आठ-दहा महिने आधी सुरुवात करा. डीटीएसच्या केंद्राला पत्र लिहाल तेव्हा तीन गोष्टी स्पष्ट विचारा: बाहेरच्या सेवेचं ठिकाण कधी ठरतं, भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा कोण बघतं, आणि मधेच आजारी पडून परतावं लागलं तर फीचं काय होतं.